उजेडावर चालणारा पंप

४ फेब्रुवारी

वहिनी,

आणि पळपुटा कोणाला म्हणतो गं तो? विचार तुझ्या नवऱ्याला. गॅरेज सोडलं, कारण गाडीखाली झोपून झोपून मान आखडली. बेकरी सोडली, कारण पहाटे तीनला उठून पीठ मळणं माणसाचं काम नाही. गोदाम सोडलं, कारण... गोदामाचं जाऊ दे. तीन नोकऱ्या सोडल्या म्हणून माणूस पळपुटा होत नाही. दादाने पंधरा वर्षं एकाच दुकानात वेल्डिंग केलं, म्हणून सगळ्या जगाने एकाच खुंटीला लटकायचं की काय? फोनवर मला 'भिंगरी' म्हणाला आणि फोन आपटला. आपटू दे. म्हणून हे पत्र. पत्र आपटता येत नाही.

आता चौथी नोकरी. उंदरांची. हसू नकोस. मोठी प्रयोगशाळा आहे. तिथल्या उंदरांचे पिंजरे धुवायचे, खालचा भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. उंदीर माझ्यापेक्षा चांगल्या खोलीत राहतात. त्यांना पंखा आहे.

एका उंदराच्या डोक्यातून केसाएवढी काचेची तार बाहेर येते. तिच्यातून निळा उजेड सोडला की तो गोल गोल धावत सुटतो, जणू मागे सावकार लागलाय. दुसऱ्या एकाला पिवळा उजेड सोडला की पळता पळता जागीच थांबतो. दिवा बंद केला की परत नाक खाजवायला मोकळा. मला वाटलं जादू आहे. इथे एक उंच, वाकलेला विद्यार्थी आहे, त्याला मी लांबू म्हणतो. त्याला बोलायला उंदरांशिवाय कोणी नाही, म्हणून मला समजावतो. म्हणाला, मिठागरात पाणी गुलाबी होतं ना, ते तिथल्या जंतूंमुळे. त्यांच्यातल्या एकाच्या कातडीत पंप असतो. त्याला डिझेल नको, वीज नको, तो उजेडावर चालतो. उजेड पडला की मिठाचा कण आत ओढतो. त्या पंपाची कृती काढून यांनी उंदराच्या मेंदूतल्या पेशींना दिली. आता पिवळा उजेड पडला की पंप सुरू, मिठाचा कण आत, आणि ती पेशी गप्प. निळ्याचं वेगळं. तिथे पंप नाही, एक दरवाजा आहे, शेवाळातून आणलेला. तो उघडला की पेशी बोलायला लागते. मी म्हटलं, हा पिवळा दिवा माझ्या भावाला बसवता येईल का? बडबड थांबायला.

एकच कटकट आहे. एका खोलीत उंदरांची रात्र आणि दिवस उलटे केलेत. आपल्या दिवसा त्यांची रात्र. म्हणून आत फक्त एक मिणमिणता लाल दिवा, कारण लाल उजेड उंदराला दिसत नाही. मलाही दिसत नाही, पण माझी कोणाला पडलीय! रोज मांडणीवर आदळतो. गुडघे काळेनिळे झालेत. तीन बाटल्या फोडल्या. माझ्या जोडीला एक म्हातारी आहे, ती त्याच खोलीत सुईत दोरा ओवेल. म्हणते, तुला सवय नाही. मुकादम म्हणतो, तुझं लक्ष नाही. मी म्हणतो, दिवा बदला.

दादाचे डोळे कसे आहेत? त्याला विचारलं की 'ठणठणीत' म्हणतो. तू खरं लिही.

तुझा दीर,
भिंगरी (तुझ्या नवऱ्याच्या शब्दात)

---

१७ फेब्रुवारी

भावोजी,

पत्र आपटता येत नाही म्हणता? तुमच्या भावाने आपटून दाखवलं. मग स्वतःच चाचपत उचलून म्हणाले, "वाच पुढे." सावकार मागे लागलेल्या उंदराला पोट धरून हसले. पिवळ्या दिव्यावर म्हणाले, "त्याला म्हणावं, आधी स्वतःला बसव." लाल दिव्याच्या खोलीपाशी आले आणि हसू थांबलं. म्हणाले, "हे परत वाच." परत वाचलं. चहा तसाच ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसले. तुमच्या गुडघ्यांची एवढी काळजी त्यांना कधीपासून, कोण जाणे.

खरं लिही म्हणालात. फोनवर सांगता येत नाही. घर केवढं, आणि डोळे गेले तसे यांचे कान वाढलेत. ते दुकानात गेलेत तोवर लिहिते. दप्तरं शिवायची पडली आहेत, पडू देत.

पाईपातून बघावं तसं दिसतं त्यांना. समोर बसलेला माणूस दिसतो, शेजारचं उघडं दार दिसत नाही. कपाळावर कायम एक टेंगूळ असतं. एक बरं होतंय तोवर दुसरं तयार. अंधारून आलं की स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे उभे राहतात. शेजारी म्हणतात, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डोळे खाल्ले. डॉक्टर म्हणाले, ठिणगीचा काही दोष नाही, हे रक्तातच आहे. डोळ्याच्या मागचा पडदा कडेकडेने सुकत आत येतो. औषध नाही. मधलं अजून आठ-दहा वर्षं टिकेल म्हणाले. तुमच्या मामांचं तेच असणार. आयुष्यभर सगळे त्यांना वेंधळा म्हणाले.

मधलं दिसतंय तोवर काम चालू आहे. म्हणतात, "जोड जिथे मारायचा तेवढंच दिसलं तरी वेल्डरला पुरे, बाकी जग कशाला हवंय?" आणि मग ताटाशेजारचा तांब्या उलथतात.

एक विचारू? तुमचा तो उजेडाचा पंप उंदराच्या मेंदूत बसतो, तर माणसाच्या डोळ्यात नाही का बसणार? मी आपली खुळ्यासारखी विचारते. त्या लांबूला विचारा. हसला तर हसू दे.

वहिनी

---

५ मार्च

वहिनी,

हसला नाही! हातातला पाव खाली ठेवला आणि पिंजऱ्याच्या कागदावर मला डोळा काढून दाखवला.

ऐक. डोळ्याचा पडदा म्हणजे एक कापड नाही, थरावर थर आहेत. दादाच्या डोळ्यात उजेड पकडणाऱ्या पेशी मरत चालल्यात. पण त्यांचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या पेशी पुष्कळशा जिवंत राहतात, नुसत्या बेकार. म्हणजे पत्र लिहिणारा मेला, पोस्टमन धडधाकट, रिकामी पिशवी घेऊन बसलेला. तर या पोस्टमनलाच उजेड ओळखायला शिकवायचं. तेच ते, जंतूचा पंप नाहीतर शेवाळाचा दरवाजा. त्याची कृती एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बांधायची आणि सुईने डोळ्यात सोडायची. उंदरांवर झालंय. माणसांवर करून बघणं सुरू आहे.

लांबूने दोन-दोनदा बजावलं की याने वाचता येणार नाही, चेहरे ओळखता येणार नाहीत. या पंपांना उजेड भरपूर लागतो, म्हणून वर एक जाडजूड चष्मा घालावा लागतो. जमलं तर टेबलावर कप आहे की नाही, दार कुठे आहे, एवढं कळेल. तेही सगळ्यांना नाही. मी म्हटलं, दार कळलं तरी माझ्या वहिनीचं अर्धं ओरडणं वाचेल.

म्हणून काल सुट्टी टाकून इस्पितळात गेलो. याच शहरात आहे. खिडकीतली बाई म्हणाली, "रुग्णाला किती दिसतं?" मी म्हटलं, पाईपातून दिसावं तेवढं. ती म्हणाली, "मग नाही. दिवा लागलाय की विझलाय, एवढंच ज्यांना कळतं त्यांनाच घेतो. दिसत्या डोळ्यात सुई घालायचा धोका कोण घेणार?" मी भांडलो. काही उपयोग नाही. वर रांगेतला मागचा माणूस म्हणाला, बाजूला हो.

बघ म्हणजे! बुडणाऱ्याला सांगायचं, पाणी नाकाच्या वर गेलं की ये. दादाला सांग, तू अजून पुरेसा आंधळा नाहीस, जरा मनावर घे, म्हणजे तुझा नंबर लागेल. माझं तर डोकं फिरलंय. उद्या लाल खोलीची पाळी आहे. बहुतेक चौथी बाटली फुटणार.

भिंगरी

---

२४ मार्च

भावोजी,

तुमचे भाऊ शीळ घालायला लागलेत. लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्यांची शीळ ऐकली नव्हती. सकाळी लवकर निघतात, जेवायला घरी येत नाहीत. मला वाटलं, पंपाचं ऐकून मनाला उभारी आली असेल. मीही खूश होते, कशाला खोटं बोलू.

पण आठवड्यापासून डोळे लाल. सारखं पाणी गळतं. पापणीखाली वाळू गेल्यासारखं वाटतं म्हणतात, ओल्या फडक्याची घडी ठेवून आडवे होतात. मी म्हटलं डॉक्टरकडे चला. "वेल्डरला होतंच," म्हणाले. मी काय वेल्डरच्या घरात कालची आले का? चुकून उजेड लागला तर दोन दिवसांत उतरतं. हे आठवडाभर चाललंय.

आज दुकानाचे मालक स्वतः घरी आले. आत बसेनात, दारातच म्हणाले, "वहिनी, तुमच्या माणसाला समजवा. तोंडावरचा मुखवटा वर सारून जोड मारतो. दोनदा मी स्वतः पाहिलं. ओरडलो तर म्हणतो, काच काळी झालीय, नीट दिसत नाही. मी नवी काच आणून दिली. तरी तेच. पंधरा वर्षं काम केलेला माणूस, मला काही समजत नाही." मलाही समजेना. सगळ्यांना रागावणारा माणूस, काच न लावता जळत्या टोकाकडे बघणाऱ्याला कानाखाली वाजवणारा, तो स्वतः असं का करेल?

विचारलं, तर ओलं फडकं डोळ्यांवर ओढून घेतलं. फक्त एकदा म्हणाले, "भिंगरीने लिहिलंय ते खरं असतं का गं? तिथल्या लोकांनी असंच सांगितलं ना?" मी म्हटलं, कुठलं? तर कूस बदलली.

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. मला भीती वाटते. तुम्ही काय लिहून बसलात, भावोजी?

वहिनी

---

३१ मार्च

वहिनी,

त्याला दुकानात पाठवू नकोस. दाराला कुलूप लाव. पत्र पोचायच्या आत मी फोन करेनच, पण तो माझं ऐकणार नाही आणि तू त्याच्यासमोर बोलणार नाहीस, म्हणून सगळं लिहितो.

तो नंबर लावतोय. मी लिहिलं ना, पुरेसा आंधळा नाहीस, मनावर घे. मी चिडून लिहिलं होतं गं! गाढवाने तेच धरलं. गाढव कोण ते तूच ठरव, दोघांपैकी.

तुझं पत्र भुशाच्या पोत्यावर बसून वाचलं. हातातली गाडी तशीच सोडून मोठ्या बाईंच्या खोलीत घुसलो. सगळे उंदीर, पंप, लांबू, सगळं त्यांच्या हाताखाली. त्या कोणाशी तरी बोलत होत्या. मी म्हटलं, माझा भाऊ वेल्डिंगच्या उजेडात उघडे डोळे धरतोय, तुमचा पंप मिळावा म्हणून. समोरच्या माणसाला त्यांनी बाहेर पाठवलं. मग मला जे सांगितलं ते असं:

पंप बसवायचा तो उरलेल्या जिवंत पेशींत. दादाचा आजार कडेच्या, उजेड पकडणाऱ्या पेशी खातो आणि मागच्यांना बऱ्याच अंशी सोडतो. वेल्डिंगचा उजेड असं निवडून खात नाही. तो डोळ्याची पुढची काच सोलतो आणि टक लावून बघितलं तर मागे बरोबर मधोमध भोक पाडतो. मधोमध, म्हणजे दादाचं जेवढं उरलंय तिथेच. शिवाय भाजलेला डोळा इस्पितळवाले घेतच नाहीत. विहीर बुजवून वर पंप बसवायला बोलावलं तर कोण येईल? हे विहिरीचं मी म्हणतोय, बाईंनी वेगळ्या शब्दांत सांगितलं, पण अर्थ हाच. त्याला नीट सांग, आंधळा होशील आणि नंबरही जाईल. दोन्ही.

आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. आणि विचार त्याला, घाई कसली होती? डॉक्टर म्हणाले होते ना, अजून आठ-दहा वर्षं मधलं टिकेल? दहा वर्षं दिसत असताना कोण असं करतं? मला झोप नाही. मुकादमाशीही भांडण झालं. इथून निघावं असं वाटतंय, कुठे ते माहीत नाही.

भिंगरी

---

९ एप्रिल

भिंगरी,

पट्टी ठेवून जाड पेनाने लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर तूच वेगळ्या कर. पाकिटावर पत्ता मालकाने घातलाय. तुझ्या वहिनीला आज सांगेन.

फोनवर किंचाळलास ते सगळं ऐकलं. विहिरीचंही ऐकलं. डॉक्टरकडे उद्या जातोय. मुखवटा आता वर करत नाही, काळजी करू नकोस.

घाई कसली म्हणून विचारलंस. गोदाम का सोडलंस ते तू कोणालाच सांगितलं नाहीस. मी सांगतो. तिथे दिवे कमी होते. शिडीची पायरी चुकली, कोणीतरी हसलं, तू त्याच्या अंगावर गेलास. बरोबर? मला चोवीसाव्या वर्षी पहिल्या दुकानातून असंच काढलं होतं. पहाटे तीनची बेकरी. गाडीखालचा अंधार. आम्ही सगळे म्हणत होतो, पोरगं टिकत नाही. पोरगं टिकत नव्हतं, कारण त्याला दिसत नव्हतं. तुझी म्हातारी त्याच लाल दिव्यात दोरा ओवते आणि तू बाटल्या फोडतोस. वहिनीने ते वाचलं तेव्हाच मी ओळखलं. मामा, मी, आता तू.

तेव्हा हिशेब सोपा होता. माझं जायचंच आहे. दहा वर्षांनी गेलं काय, आत्ता गेलं काय. आत्ता गेलं तर ते लोक माझ्यावर करून बघतील. चुकतील, शिकतील. तुझी पाळी येईपर्यंत त्यांचा हात बसलेला असेल. नवशिक्याला आपण आधी भंगारातल्या पत्र्यावर जोड मारायला देतो की नाही? चांगला पत्रा मागाहून. मी म्हटलं, भंगार मी होतो.

पत्राच चुकीचा जाळला, हे तू सांगितल्यावर कळलं.

डोळे तपासून घे. 'दिवा बदला' म्हणू नकोस.

दादा

---

२ मे

भावोजी,

फोन उचलत नाही, पत्राला उत्तर नाही. तुमच्या भावाने मला त्याच दिवशी सगळं सांगितलं. मी आधी रडले, मग दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, मग मीच हरले. ज्याला दिसत नाही त्याच्याशी अबोला धरण्यात मजा नाही, त्याला तोंड फिरवलेलं कळतच नाही.

डॉक्टरांनी तपासलं. डाव्या डोळ्यात मधोमध डाग पडलाय, तो जाणार नाही. त्या डोळ्याने आता माझा चेहरा दिसत नाही, फक्त कान दिसतात म्हणतात. उजवा वाचला. पुढची सोललेली काच भरून आली. "आणखी आठवडा केलं असतं तर उजवाही गेला असता," डॉक्टर म्हणाले. हे नुसते 'हं' म्हणाले.

मालक भला माणूस आहे. मुखवटा काढून घेतला आणि जोड घासून सारखे करायच्या टेबलावर बसवलं. पगार कमी झाला, पण कामावर आहेत.

आता नवीन भांडण. इथे एक मास्तर आहेत, स्वतः पूर्ण आंधळे. पांढरी काठी घेऊन चालायला शिकवतात. रस्ता कसा ओलांडायचा, जिना कसा उतरायचा, चहा कपाबाहेर न सांडता कसा ओतायचा, सगळं. दोन महिने, फी बावीसशे. मास्तर म्हणाले, थोडं दिसत असतानाच शिकावं, मग अंधार झाल्यावर माणूस घाबरत नाही. मी नाव घालायला निघाले तर तुमचे भाऊ म्हणतात, "मी एकटा त्या रांगेत काठी आपटत फिरणार नाही." मी म्हटलं, मी येते बरोबर. म्हणाले, "तुझे डोळे शाबूत. तू तिथे काय करणार, टाळ्या वाजवणार?" अडून बसलेत. तुम्हीच सांगून बघा. माझं काही चालत नाही.

आणि भावोजी, तुम्ही तपासलंत का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. गप्प बसू नका. तुम्ही बडबडलात तर राग येतो, गप्प बसलात तर भीती वाटते.

वहिनी

---

१४ मे

वहिनी,

हो.

दादाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच गेलो होतो. एका पांढऱ्या गोल घमेल्यात डोकं घालायला लावतात आणि हातात बटण देतात. ठिपका चमकला की दाबायचं. मी बसून राहिलो. कंटाळून म्हटलं, बाई, सुरू कधी करणार? ती म्हणाली, "सुरू होऊन बराच वेळ झाला."

दादाचंच आहे. सुरुवात आहे अजून. कडा गेल्यात, मधलं उत्तम आहे. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं आहेत, किती ते सांगता येत नाही. बाहेर पडलो आणि चालत सुटलो. ज्या रस्त्याला दिवे होते त्याच रस्त्याने. तिकीट काढून कुठेतरी लांब जावं म्हणून स्टँडवर उभा राहिलो. तीन गाड्या सोडल्या. प्रत्येक गाडी लागली की वाटायचं, चढलो तर डोळे बरोबर येणारच. म्हणून तुला लिहिलं नाही. काय लिहिणार? दादाने माझ्यासाठी एक डोळा जाळला, आणि मी स्टँडवर उभा.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी पाठ थोपटली नाही, हे बरं केलं. मला लाल खोलीतून काढून उजेडाच्या खोलीत टाकलं. मुकादमाला कारण सांगितलं, तो दोन दिवस माझ्याशी देवळात बोलावं तसं बोलत होता, मग तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा ओरडला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. लांबूला विचारलं, माझी पाळी येईपर्यंत तुमचा पंप होईल का तयार? तो म्हणाला, "कदाचित." मी म्हटलं, नीट सांग. म्हणाला, "नीटच सांगितलं." पिवळ्या दिव्याखाली उंदीर आजही थांबतो. कमी उजेडात चालेल असा पंप शोधतायत, म्हणजे तो जाड चष्मा नको. तोवर मी त्यांचे पिंजरे स्वच्छ ठेवतो. माझ्याकडून तेवढंच.

दादाला सांग, त्याच्या हिशेबाबद्दल मी त्याच्याशी समोर बसून भांडणार आहे. पत्रात नाही आणि फोनवरही नाही. त्याचा उजवा डोळा माझ्यावर उधार नाही, त्याचा स्वतःचा आहे, सांभाळ म्हणावं. आणि इस्पितळात माझ्यासाठी पुढे जाऊन उभं राहायची गरज नाही. पाळी आली की आपण दोघं मिळून रांगेत उभे राहू आणि पुढे कोण यावरून भांडू.

बाईंनी दोन महिन्यांची बिनपगारी रजा दिलीय. परत आल्यावर नोकरी आहे, असं लिहून दिलंय. पहिल्यांदाच मी नोकरी न सोडता कुठे निघतोय, दादाला हेही सांग. रविवारी दुपारी पोचेन. दिवसाची गाडी घेतलीय, घ्यायला येऊ नका.

मास्तरांकडे उद्याच जा आणि नावं घालून टाक, जागा भरायच्या आत. पैसे पाठवतोय, चव्वेचाळीसशे.